प्रकल्पासाठी पेन्सिल सेल फोडावा का?

प्रश्न (कोथरूड): मुलाला कार्बनची कांडी हवी आहे. रिमोटचे जुने सेल पकडीने फोडले तर चालेल का?

उत्तर १: कृपया नको. 'अल्कलाइन' सेलमध्ये कांडी नसतेच. आत जस्ताचा लगदा आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड असतं. ते आधी नुसतं बुळबुळीत लागतं, त्वचा भाजतेय हे उशिरा कळतं. डोळ्यात उडालं तर दृष्टीच धोक्यात. हाताला लागलं तर वाहत्या पाण्याखाली निदान २० मिनिटं धरा. त्वचेवर लिंबू, व्हिनेगर अजिबात नको. डोळा धुऊन लगेच दवाखाना गाठा.

उत्तर २: कांडी साध्या झिंक-कार्बन सेलमध्ये असते, काळा भुगा मँगनीज डायऑक्साइडचा. त्यापेक्षा अप्पा बळवंत चौकातून ६बी पेन्सिल आणा, तिचं शिसं ग्राफाइटचंच असतं.

उत्तर ३: मोबाइलची लिथियम बॅटरी तर कधीच उघडू नका, आत शॉर्ट होऊन पेटते.