नवीन कार्यालयाच्या नेटवर्कची दोन दरपत्रके आणि साडेसहा लाखांचा फरक

प्रश्न

नमस्कार. नागपुरात वर्धा मार्गावर आमच्या संस्थेची तळमजला अधिक तीन मजल्यांची इमारत उभी राहत आहे. स्लॅब झाले आहेत आणि पुढच्या महिन्यात गिलावा सुरू होईल. वरच्या तिन्ही मजल्यांवर प्रत्येकी ४० कर्मचारी बसतील. प्रत्येक टेबलाला संगणक आणि फोनसाठी दोन पॉइंट (केबल जोडायच्या जागा), वाय-फायसाठी १४, कॅमेऱ्यांसाठी २४ आणि प्रिंटर व हजेरी यंत्रांसाठी ६, असे एकूण २८४ पॉइंट मी काढले आहेत. त्यावर एक दरपत्रक ११ लाख ४० हजारांचे आणि दुसरे १७ लाख ८५ हजारांचे आले असून दोन्हींत जीएसटी धरलेला आहे. पहिल्यात ‘नेटवर्किंगचे संपूर्ण काम, एकरकमी’ एवढी एकच ओळ आहे, तर दुसरे सहा पानांचे आहे. मी लेखा विभागात काम करतो, त्यामुळे आकडे वाचता येतात, पण त्यांच्यामागचा माल ओळखता येत नाही. सर्व्हरची खोली तिसऱ्या मजल्यावर पश्चिमेच्या कोपऱ्यात दाखवली आहे, कारण ती जागा दुसऱ्या कशाच्याही उपयोगाची नाही. व्यवस्थापनापुढे काय मांडावे?

पहिले उत्तर

एका ओळीच्या दरपत्रकाची तुलना कशाशीच करता येत नाही, म्हणून आधी आपला हिशेब आपणच मांडा. एका पॉइंटला सरासरी ३५ मीटर केबल धरली तर २८४ पॉइंटना ९,९४० मीटर लागते, आणि कापाकापीचे १० टक्के मिळवले की आकडा १०,९०० च्या पुढे जातो. कॅट-६ या प्रकारच्या नेटवर्क केबलचे खोके ३०५ मीटरचे असते, म्हणजे ३६ खोकी झाली. आता पहिल्या कंत्राटदाराला एवढेच विचारा की त्यांनी किती खोकी धरली आहेत.

दुसरी गोष्ट म्हणजे तार शुद्ध तांब्याची आहे की तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची, हे लेखी घ्या. नमुन्याचा तुकडा मागवून तार ब्लेडने खरवडा. आतून पांढरी निघाली तर तो माल परत पाठवा. अशा तारेचा रोध जास्त असतो, आणि कॅमेऱ्याला त्याच केबलमधून वीज द्यायची असल्यामुळे ती तापते आणि दूरच्या टोकाला वीज पुरत नाही. शेवटचा हप्ता प्रत्येक पॉइंटच्या चाचणी-अहवालाशी बांधा. ‘लॅपटॉप लावून पाहिला, इंटरनेट चालते’ याला चाचणी म्हणत नाहीत.

दुसरे उत्तर

माझी हरकत दरापेक्षा त्या पश्चिमेच्या खोलीला आहे. भिंतीतल्या पक्क्या केबलची ९० मीटरची मर्यादा २० अंश तापमान गृहीत धरून ठरवलेली आहे. त्यापुढे ४० अंशांपर्यंत प्रत्येक अंशाला सुमारे ०.४ टक्के आणि ४० च्या वर ०.६ टक्के या प्रमाणात संकेत अधिक क्षीण होतो. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ वर गेला की वरच्या स्लॅबखालच्या फॉल्स सीलिंगमध्ये काय होत असेल, हे आपल्या लोकांना सांगायला नको. ४५ अंशांचाच हिशेब केला तरी ११ टक्के तूट येते, त्यामुळे कोणतीही केबल ८० मीटरपलीकडे जाऊ देऊ नका. सगळ्या केबली एका खोलीत ओढण्यापेक्षा प्रत्येक मजल्यावर उपकरणांचा छोटा रॅक (मांडणी) ठेवा, मजल्यांमध्ये फायबर (प्रकाशातून संकेत नेणारी काचतंतूंची केबल) टाका आणि मुख्य खोली पहिल्या मजल्यावर उत्तरेला घ्या.

आणि कृपा करून त्या खोलीत कूलर लावू नका. मी पूर्वी जिथे होतो तिथे एसीचा खर्च वाचवण्यासाठी रॅकसमोर खसचा कूलर ठेवला होता. दुसऱ्या उन्हाळ्यात पॅच पॅनेलच्या, म्हणजे सगळ्या केबली जिथे येऊन जोडतात त्या पट्टीच्या, पिनांवर हिरवट थर चढला, तेव्हा ओल्या हवेची किंमत कळली.

तिसरे उत्तर

केबलबाबत वरच्या दोघांशी सहमत आहे, पण सगळ्या २८४ पॉइंटांना पहिल्याच दिवशी स्विचचा (केबली एकमेकींना जोडणाऱ्या उपकरणाचा) पोर्ट, म्हणजे जोडणीचे छिद्र, देण्याची गरज मला पटत नाही. बहुतेक आयपी फोनना (नेटवर्कच्या केबलवर चालणाऱ्या फोनना) मागे दुसरा पोर्ट असतो, संगणक त्यातूनच जोडला जातो. तसे केल्यास १२० टेबले आणि इतर ४४ मिळून १६४ पोर्ट पुरतात. २४ पोर्टचे स्विच बाराऐवजी मजल्यांची वाटणी धरून आठ लागतील. केबल आणि पाइप मात्र पूर्ण टाकून घ्या, कारण स्विच पुढच्या वर्षीही विकत मिळतो, पण रंगवलेली भिंत फोडायला कोणी तयार होत नाही.

स्विच केबलमधून एकूण किती वीज पुरवू शकतो, तो आकडाही तपासा. ३७० वॅटचा २४ पोर्टचा स्विच प्रत्येक पोर्टला १५.४ वॅट देऊ शकतो, पण वाय-फाय देणारी ३० वॅटची उपकरणे (ॲक्सेस पॉइंट) त्यावर बाराच चालतील. शिवाय कॅमेऱ्यांचे चित्रीकरण कुठे साठणार, हे आपल्या प्रश्नात कुठेच आले नाही. प्रत्येकी ४ एमबीपीएस (सेकंदाला ४ मेगाबिट) धरले तर २४ कॅमेरे दिवसाला एक टेराबाइटहून अधिक लिहितात, म्हणजे ३० दिवसांसाठी सुमारे ३१ टेराबाइट. हा खर्च दोन्ही दरपत्रकांत आहे का, ते पाहा.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचे आभार. पहिल्या कंत्राटदाराने २४ खोकी धरली होती, म्हणजे पॉइंटमागे २६ मीटरही नाही, आणि ‘शुद्ध तांबे’ लिहून द्यायला ते तयार झाले नाहीत. दुसऱ्यांनी चार स्विच कमी करून दर खाली आणला, पण साठवणुकीची यंत्रणा दोघांनीही धरलेली नव्हती, त्यामुळे वाचलेले पैसे बहुधा तिथेच जातील. वास्तुविशारदांनी सर्व्हरची खोली पहिल्या मजल्यावर आणली आणि चहाची खोली पश्चिमेला गेली, यावरून सध्या कार्यालयात थोडी नाराजी आहे.

पहिले उत्तर देणाऱ्यांची पुरवणी

गिलाव्याआधी प्रत्येक भिंतीवर मोजपट्टी धरून पाइपांची छायाचित्रे काढून ठेवा आणि प्रत्येक पाइपमध्ये ओढदोरी (नंतर केबल ओढून घ्यायची दोरी) राहिली आहे का, ते स्वतः ओढून पाहा.