मदत हवी आहे: एवढा कॅशवाला प्रोसेसर घेऊन विमान अडखळतंय

धावपट्टी_२७: रायझन ९ ७९५०एक्स३डी प्रोसेसर टाकून आठवडा झाला, तोच जादा कॅशवाला (कॅश म्हणजे प्रोसेसरमधलीच जलद मेमरी). फ्लाइट सिम्युलेटरमध्ये उतरताना धक्के बसतात. मित्राकडे ७८००एक्स३डी, निम्मे कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग), त्याचं मस्त चालतं. सगळं करून झालंय. 'रीस्टार्ट करा' सांगू नका.

अण्णा_सोल्डर: सगळं म्हणजे काय काय? विंडोज नवी टाकलीत की जुनीच? चिपसेट ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला मदरबोर्ड-प्रोसेसर नीट वापरायला लावणारं सॉफ्टवेअर, टाकलंत?

थंडगार: आधी तापमान बघ. कॅशचा थर कोअरच्या चिपवर चिकटवलाय, उष्णता बाहेर पडायला अडते. ८९ अंशांना तो आपोआप मंदावतो. ३६० मिमीचा लिक्विड कूलर घे.

धावपट्टी_२७: ७०च्या वर जात नाही. विंडोज नवीच. पुढे?

थंडगार: मे महिन्यात नागपूरला ये, मग बोलू.

पप्पू_पीसी: क्रोमची कॅशे साफ करा. मला फरक पडला होता.

नवा_गडी: ९८००एक्स३डी घे. त्यात कॅश खाली, कोअर वर कूलरच्या बाजूला. म्हणून वेग ५.२ गिगाहर्ट्झ. ७८०० बिचारा ५.०लाच थांबतो.

अण्णा_सोल्डर: अहो, त्यांचं दुखणं उष्णतेचं नाहीच. ७९५०मध्ये आठ-आठ कोअरच्या दोन चिप. जादा ६४ एमबीचा थर एकीवरच, म्हणजे तिची एल३ (हीच ती कॅश) ९६ एमबी. दुसरीची ३२च, पण ती जास्त क्लॉकवर, म्हणजे जास्त वेगानं, पळते. गेम पहिलीवर बसायला हवा, आणि ते बघतात चिपसेट ड्रायव्हर आणि विंडोजमधलं गेम बार हे ॲप मिळून. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूच्या आलेखावर राइट क्लिक करून ३२ चौकोन उघडा, दर कोअरचे दोन. पहिले १६ कॅशवाल्या चिपचे, शेवटचे दुसरीचे. गेम चालू असताना पहिले १६ हलतात की शेवटचे?

धावपट्टी_२७: शेवटचे!! पण गेम बार मी विंडोज टाकल्या टाकल्या उडवतो. कचरा आहे तो.

अण्णा_सोल्डर: हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचंत की हो! परत टाका, चिपसेट ड्रायव्हरही पुन्हा. मग गेममध्ये असताना विंडोज आणि जी दाबून सेटिंगमध्ये 'हा गेम आहे' अशा अर्थाची टिक करा.

नवा_गडी: दोन्ही चिपवर कॅश द्यायला काय झालं होतं? कंजूष लेकाचे.

अण्णा_सोल्डर: मग दुसरीचाही क्लॉक उतरला असता. रेंडरिंगवाले (व्हिडिओ, ॲनिमेशन तयार करणारे) बोंबलले असते. आणि एका चिपच्या कोअरला दुसरीच्या कॅशपर्यंत लांबचा फेरा पडतो, तो काही चुकत नाही.

पप्पू_पीसी: लॅपटॉपला असा थर वरून लावून मिळतो का? लॅमिंग्टन रोडला?

धावपट्टी_२७: पहिले १६ हलायला लागले. धक्के गेले. मुंबईत उतरताना एखादा येतो अजून.

थंडगार: तो तापमानाचा.