सांगली-साताऱ्यातून एरोस्पेसकडे : तुमचे अनुभव लिहा

बारावीनंतर "मला रॉकेटवर काम करायचंय" म्हणणारी मुलं आपल्याकडे खूप आहेत. आष्ट्याला एरोनॉटिकलची शाखा आहे, पण बहुतेकांच्या वाट्याला मेकॅनिकल नाहीतर इलेक्ट्रिकल येतं. तुम्ही कुठल्या घरातून आलात, ही ओढ कशामुळे लागली, पुढे काय ठरवलंय? सविस्तर लिहा.

पलूस, मेकॅनिकल, तिसरं वर्ष

वडील फाउंड्रीत मोल्डर. शाळेला सुट्टी असली की डबा घेऊन मीच जायचो. काळ्या ओल्या वाळूत पॅटर्न, म्हणजे भागाचा नमुना, ठोकून बसवायचा, तो अलगद उचलायचा, आतली पोकळी राखणारा कोअर ठेवायचा, पेट्या जुळवायच्या आणि मग वितळलेल्या धातूचा रस ओतायचा. गार झाल्यावर वाळू झाडली की पंपाचा इंपेलर, म्हणजे पाणी फेकणारं पात्यांचं चाक, हातात. बाबा पात्यांच्या मधे बोट फिरवून म्हणायचे, "हितं खरबरीत राहिलं की पंप पाणी फेकत नाही बघ."

दुसऱ्या वर्षाला पंपातलं कॅव्हिटेशन शिकलो तेव्हा ते बोट आठवलं. पंपाच्या तोंडाशी दाब फार उतरला की पाण्यात वाफेचे बुडबुडे होतात, पुढे दाब वाढताच ते फुटतात आणि पात्यांना खड्डे पाडतात. उन्हाळ्यात विहीर खोल गेली की पंप खडखडतो, त्यामागं बऱ्याचदा हेच असतं. रॉकेटच्या इंजिनात इंधन ढकलणाऱ्या टर्बोपंपालाही याचीच भीती. म्हणून मुख्य इंपेलरच्या आधी इंड्युसर बसवतात. मळसूत्रासारखी त्याची पाती दाब थोडा वाढवून द्रव पुढं देतात. क्रायोजेनिक, म्हणजे अतिथंड इंधनाच्या, इंजिनात तर तो द्रव हायड्रोजन उणे २५३ अंशांचा! हे वाचलं त्या दिवसापासून दुसरं काही डोक्यातच नाही.

इस्रोचं एलपीएससी, म्हणजे द्रव इंधनाच्या इंजिनांचं केंद्र, तिथंच जायचंय. इस्रोच्या शास्त्रज्ञ-अभियंता भरतीला बीईला ६५ टक्के किंवा ६.८४ सीजीपीए लागतो. तेवढा आहे, तो टिकवायचा. सोबत एमटेकच्या प्रवेशासाठीच्या गेट परीक्षेची तयारी सुरू आहे.

कराड, इलेक्ट्रिकल, शेवटचं वर्ष

आमच्या कॉलेजच्या मॉडेल विमानांच्या ग्रुपमधे एका सीनियरनं सुरुवातीलाच सांगितलं होतं, मुलींनी रिपोर्ट लिहावा. फार लागलं होतं ते. आज विमानाची मोटर, तिचा वेग सांभाळणारा ईएससी, पंख-शेपटीच्या झडपा हलवणारे सर्व्हो, सगळी जोडणी माझ्याकडे आहे.

ऊस तुटून गेलेल्या रानात आम्ही विमान उडवतो. उडवण्याआधी पंखाखाली दोन बोटं धरून तोल बघायचा. पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीच्या साधारण पाव भागावर तोल यायला हवा. शेपूट जड असेल तर विमान नाक वर काढतं, वेग जातो आणि ते कोसळतं. बॅटरी बोटभर पुढं सरकवली की तेच विमान शहाण्यासारखं उडतं. त्या बोटभर अंतरात किती गणित आहे! मला कंट्रोल सिस्टिममधे एमटेक करायचंय, विमानांच्या ऑटोपायलटवर.

सातारा, दुसरं वर्ष

सैनिक स्कूल गावातच, देशातलं पहिलं, १९६१ चं. तिथली मुलं बघत वाढलो, हवाई दलात पायलट व्हायचं पक्कं होतं. नजरेच्या निकषात बसलो नाही. वर्षभर आकाशाकडे बघवत नव्हतं. आता विमानं दुरुस्त करणाऱ्यांत जायचं ठरवलंय. त्यातलं कुणी इथे आहे का?

सांगली, निवृत्त

आहे रे बाळा. नाशिकजवळ ओझरला एचएएल या विमानं बनवणाऱ्या सरकारी कंपनीत माझी नोकरी झाली, आधी मिग, मग सुखोई-३० या लढाऊ विमानांवर. शिक्षण विश्रामबागेत, वालचंदला. ज्यांचं नाव कॉलेजला आहे त्या वालचंद हिराचंदांनीच १९४० मध्ये बंगळुरात हिंदुस्थान एअरक्राफ्ट काढली, तीच पुढे एचएएल झाली. हे आपल्या मुलांना कुणी सांगत नाही याचं मला वाईट वाटतं.

तुला एक काम सांगतो. नॉन-डिस्ट्रक्टिव्ह टेस्टिंग, म्हणजे भाग न मोडता त्यातला दोष शोधणं, शीक. सुटा भाग स्वच्छ करायचा, लाल डाय लावायचा, थोड्या वेळानं पुसायचा आणि वर पांढरा डेव्हलपर मारायचा. डोळ्याला न दिसणारा तडा असेल तिथं लाल रेघ उमटते. ती रेघ वेळेत सापडली की वर उडणारा माणूस सुखरूप उतरतो. नजरेला चष्मा असला तरी चालतो.

आणि पलूसकर, वडिलांच्या फाउंड्रीत ही टेस्ट होते का विचार. होत असेल तर दोघांनी मिळून जाऊन बघा, मग इथं लिहा.