ओलॅन्झापिन, वाढलेला घेर आणि ‘आक्रसलेला’ मेंदू: घरच्यांना काय सांगावं?

मालवण_समुपदेशक
स्किझोफ्रेनियाचा रुग्ण, पुरुष, वय 29. ओलॅन्झापिन (याच आजारावरची गोळी) 10 मिग्रॅ, रात्री एक. 5 महिन्यांत वजन 58 वरून 67 किलो. घरच्यांनी कोल्हापुरास जाऊन एमआरआय काढला, त्यात मेंदू ‘किंचित आक्रसलेला’. आता म्हणतात गोळीनेच मेंदू खाल्ला, बंद करा. काय सांगावं, आणि तपासण्या कुठून सुरू कराव्यात?

दर्यावर्दी
गोळी परस्पर बंद नको. आजार उलटला तर नुकसान मोठं.

त्या रिपोर्टवर उपचार ठरत नाहीत. स्किझोफ्रेनियात हिप्पोकॅम्पस (आठवणींशी जोडलेला मेंदूचा भाग) लहान आणि कॉर्टेक्स (मेंदूचा बाहेरचा थर) पातळ सापडतो, पण हा शेकडो लोकांच्या सरासरीतला फरक. एकट्याच्या फिल्मवर तो ओळखू येत नाही.

वजनाचा संबंध मात्र खरा. ‘एनिग्मा’ या मेंदूचे स्कॅन एकत्र करून अभ्यासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संशोधक गटाने 2022 मध्ये 3021 जणांचे स्कॅन एकत्र पाहिले, रुग्ण आणि निरोगी मिळून. बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) जितका जास्त, तितका कॉर्टेक्स पातळ. आजाराचा परिणाम वेगळा, वजनाचा वेगळा, आणि रुग्णाच्या वाट्याला दोन्ही येतात. कोणामुळे कोण, हे मात्र एका वेळच्या स्कॅनवरून कळत नाही. सगळा दोष गोळीच्या माथी मारू नका: साखरेचं बिघडलेलं गणित काही रुग्णांत पहिल्या गोळीआधीच दिसतं. औषधाने मेंदूचं आकारमान थोडं घटतं का, यावर तज्ज्ञांतच वाद आहे. वजन वाढवण्यात ओलॅन्झापिन आणि त्याच जातीचं क्लोझापिन सगळ्यांच्या पुढे, हे मात्र निर्विवाद.

5 टक्के वाढ, म्हणजे इथे 61 किलोलाच, औषध बदलण्याचा विषय डॉक्टरांकडे निघायला हवा होता.

ओरोस_लॅब
आधी शिंप्याची टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, शर्ट वर करून. पुरुषांत 90 सेंमी, बाईत 80 ही आपल्याकडची मर्यादा. मग बीपी, उपाशीपोटी साखर, लिपिड (रक्तातली चरबी). उपाशी साखर 100 च्या वर किंवा ट्रायग्लिसराइड 150 च्या वर आले तर डॉक्टरांना दाखवा.

गोंधळ होतो तो चहाने. ‘काही खाल्लं नाही’ म्हणतात, पण साखरेचा कोरा चहा पिऊनच आलेले असतात. आणि रक्तात लोह कमी असेल तर एचबीए1सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) खोटा जास्त येऊ शकतो. तो एकटा धरू नका.

मालवण_समुपदेशक
घेर 96. रात्री दहानंतर उठून भात खातो.

दर्यावर्दी
ती भूक गोळीचीच, इच्छाशक्तीचा प्रश्न नाही. उरलेला भात समोर ठेवूच नये. रात्री भात अर्धा, बांगडा-तारली तळण्याऐवजी तिखल्यात, वर सोलकढी बिनसाखरेची. सकाळच्या पेजेत साखर नको, मीठ आणि सुकी मासळी चालेल, पण बीपी वाढलेलं असेल तर तेही बेतानेच. वजन आवरायला मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) डॉक्टर देऊ शकतात: आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) तपासून, 500 मिग्रॅ जेवणासोबत, मग हळूहळू वाढवत. सुरुवातीला जुलाब होतात, लोक तिथेच सोडतात. दीर्घकाळ घेतल्यास बी12 जीवनसत्त्व बघा.

ओरोस_लॅब
बिडी ओढतो का तेही विचारा. धूर ओलॅन्झापिनची रक्तातली पातळी उतरवतो. बिडी एकदम सोडली तर ती पातळी चढते आणि सुस्ती येते. सोडायला हवीच, पण डॉक्टरांना आधी कळवून.