मदत हवी आहे: पाळणाघरात मुलाचा हात भाजला, दावा कुठे करायचा?

नमस्कार. आम्ही बेळगाव, वडगावचे. पाळणाघरात असताना माझ्या साडेतीन वर्षांच्या मुलाने गरम आमटीचं पातेलं अंगावर ओढून घेतलं. कोपरापर्यंत कातडी सोलली. अजूनही पट्टी बदलायला घेतली की मूठ घट्ट आवळतो.

सांभाळणाऱ्या बाई तेव्हा फोनवर होत्या, हे त्यांनीच कबूल केलेलं. आता म्हणतात, "पोरं दंगा करतातच की!" पोलिसांनी जबाब कानडीत लिहिला, न समजता सही करायला मन धजेना. फीच्या पावत्या, फोटो, दवाखान्याची बिलं जपून ठेवलीत.

ग्राहक आयोगात 2 वर्षांच्या आत तक्रार करावी लागते, एवढं कळलंय. तिथे जावं की दिवाणी दावा लावावा? मुलाचे वडील कामाला गोव्यात असतात. मी एकटी त्याच्या वतीने दावा करू शकते का? मराठीतून समजावणारे इथल्या कोर्टातले वकील माहीत असतील तर कृपया सांगा.