बारा दिव्यांचा भाव आणि 'पॉइंट' म्हणजे नेमकं काय

दादा, राहत्या घरात बारा डाउनलाइट (छतात बसणारे दिवे) बसवायला एकानं पॉइंटवर, म्हणजे दिव्याच्या दर जोडणीमागं, भाव सांगितला, दुसऱ्यानं सगळ्या कामाचा ठोक, आणि फरक जवळपास दुप्पट, असं तुम्ही लिहिलंय. मी लातुरात वायरिंगचंच काम करतो. दोघंही खरं बोलत असतील, कारण पॉइंट कशाला म्हणायचं हेच आधी ठरत नाही. बटनापासून नवी वायर ओढून काढलेला पहिला पॉइंट महाग. त्या दिव्यावरून पुढं लूप केलेले, म्हणजे तिथूनच वायर पुढच्या दिव्याला नेलेले, स्वस्त. बारा दिवे तीन बटनांवर असतील तर मुख्य पॉइंट तीन, लूप नऊ. बाराही एकाच भावानं लावले असतील तर तिथं बोला.

पण आधी छत बघा. पीओपी (स्लॅबखाली केलेलं प्लास्टरचं छत) असेल तर भोक पाडून वायर सरकवायची, एवढंच. भोक पीओपी धरणाऱ्या लोखंडी चॅनलवर येऊ नये म्हणून खुणा तुमच्यासमोर करायला लावा. नुसता स्लॅब असेल आणि ओततानाच दिव्यांचे डबे टाकलेले नसतील, तर दिव्यापायी स्लॅब फोडू देऊ नका. सळई उघडी पडली की गंज धरते. १९९३ चा किल्लारीचा भूकंप सोसलेल्या आपल्या भागात तर कुणीच हे करू नये. तिथं स्लॅबला बाहेरून बसणारे पॅनल दिवे लावा, छताचा सगळा खर्च वाचतो.

नवं पीओपी करणार असाल तर ते चौरस फुटावर, वायरिंग पॉइंटवर आणि दिवे वेगळे लिहून घ्या. भोकं कोण पाडणार हेही त्यातच लिहा. पीओपीवाला आणि वायरमन यावरूनच भांडतात.