रात्रीच्या अंधारात बॉम्बर विमानं लक्ष्यापर्यंत पोचायची कशी?

सात_रस्ता:
दुसऱ्या महायुद्धात लँकेस्टरसारखी ब्रिटिश विमानं दिवे मालवलेल्या जर्मनीत नेमकं शहर कसं गाठायची? ताऱ्यांवरून म्हणतात. जमायचं का ते? सांगा की ओ कुणीतरी.

भुईकोट:
तारे नंतर. मुख्य काम हिशेबाचं: वेग, दिशा, वेळ आणि वारा. पहिल्या तिन्ही गोष्टी डायलवर दिसतात, वारा कुठंच दिसत नाही. सगळी गोम तिथं.

वेग २०० नॉट (१ नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर), आडवा वारा ६० नॉट, तर नाक साडेसतरा अंश वाऱ्याकडं धरावं लागतं. समजा पुण्याहून सोलापूरला निघालात, डावीकडून हा वारा आहे आणि तो धरलाच नाही. सरळ रेषेत ३८ मिनिटं. तेवढ्यात ७० किलोमीटर बाजूला गेलात. सिद्धेश्वर तलाव शोधताय आणि खाली भीमेपलीकडचं, विजापूरकडचं रान!

ब्रिटिश बॉम्बफेकीची छायाचित्रं तपासून केलेल्या १९४१ च्या बट अहवालात हेच उघडं पडलं. लक्ष्यावर हल्ला केला म्हणणाऱ्यांपैकी साधारण एक तृतीयांशच ५ मैलांच्या आत पोचले होते.

पार्क_चौक:
ताऱ्यांसाठी बुडबुड्याचा सेक्स्टंट, म्हणजे ताऱ्याची उंची कोनात मोजायचं यंत्र; आडवी पातळी बुडबुड्यावरून धरायची. विमान जरा वळलं की बुडबुडा सरकतो, म्हणून दोनेक मिनिटांची सरासरी घ्यायची, आणि तोवर पायलटनं विमान नाकासमोर धरायचं. शत्रूच्या हद्दीत हे कोण करणार? कोन १ कला (अंशाचा साठावा भाग) चुकला की १ सागरी मैल गेला.

मार्च १९४२ पासून ‘जी’ हे रेडिओ यंत्र आलं. इंग्लंडमधल्या केंद्रांचे रेडिओ स्पंद, पडद्यावर त्यांच्या वेळेतल्या फरकाची दोन वाचनं, जाळीच्या नकाशावर दोन रेषा छेदतात तिथं आपण. हे दर ६ मिनिटांनी करायचं, कारण तो तासाचा दहावा भाग, हिशेब तोंडी होतो. वारा नसता तर असतो तो बिंदू आणि हा खरा बिंदू, यांतला फरक म्हणजे वारा.

सात_रस्ता:
आणि वेळेआधी पोचले तर? घिरट्या?

भुईकोट:
छे, मागून बिनदिव्यांची शेकडो विमानं येतायत. ६० अंश डावीकडं २ मिनिटं, १२० अंश उजवीकडं २ मिनिटं, मग मूळ दिशा. ४ मिनिटं उडून २ मिनिटांचंच अंतर पुढं, म्हणजे २ मिनिटं बरोबर खपतात.

पार्क_चौक:
एक राहिलं. ‘जी’चे स्पंद जर्मन रेडिओ-गोंगाटानं जॅम करायचे, आत खोलवर ते कामाचं नाही. २४ मार्च १९४४ ला बर्लिनवर जाताना उत्तरेचा वारा अंदाजापेक्षा कितीतरी जोराचा निघाला. वारा मोजून कळवणाऱ्या काही नेव्हिगेटरांनी स्वतःच्याच आकड्यावर विश्वास न बसून तो कमी सांगितला, खाली मुख्यालयानं आणखी छाटला आणि तोच सगळ्या ताफ्याला कळवला. विमानं दक्षिणेला वाहवत गेली. ७२ परतली नाहीत.